रोंकोलेचा व्हेर्दी

गेल्या वर्षी इंग्रजीच्या पेपराला आम्हांला 'मॅकबेथ' नेमलेले होते. एका तासाला सरांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवले आणि आम्हांला एक ध्वनिमुद्रण ऐकवले. कुणी एक बाई परक्या भाषेत गात होती. पहिल्याच ओळीला वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी त्या आवाजाची नक्कल केली. मीही हसले, खोटे कशाला सांगू? सर रागावले नाहीत. ही लेडी मॅकबेथ आहे, झोपेत चालते आहे आणि हातावरचे न दिसणारे रक्त पुसते आहे, एवढेच त्यांनी सांगितले आणि पुन्हा पहिल्यापासून लावले. या वेळी कुणी हसले नाही. शेवटी तिचा आवाज चढत चढत इतका बारीक झाला की सुईत ओवायचा दोराच जणू. मग तोही संपला. घंटा झाली तरी आम्ही बसूनच होतो.

हे संगीत जूझेप्पे व्हेर्दी या इटालियन संगीतकाराचे, असे सरांनी सांगितले. ग्रंथालयात त्याच्याविषयी जे मिळाले ते मी वाचून काढले. खरे म्हणजे दोन पाने वाचून पुस्तक परत करणार होते. पण दुसऱ्याच पानावर असे निघाले की त्याचा बाप खेड्यात खानावळवजा दारूचे आणि किराणा मालाचे दुकान चालवत असे, आई सूत काततही असे, आणि त्याचे शिक्षण दुसऱ्या एका किराणा व्यापाऱ्याने केले. मग मात्र पुस्तक परत करवेना. त्याचे कारण पुढे येईलच.

व्हेर्दीचा जन्म १८१३ च्या ऑक्टोबरात रोंकोले या लहानशा गावात झाला. हे गाव पार्मा संस्थानातले, बुसेतो या बाजारगावाजवळचे. इटली नावाचा एक देश त्या वेळी नव्हताच. निरनिराळी संस्थाने होती आणि त्यांच्यावर परक्यांची सत्ता. त्या वर्षी तो मुलूख नेपोलियनच्या ताब्यात होता, म्हणून या मुलाच्या जन्माची सरकारी नोंदसुद्धा फ्रेंच भाषेत आहे. मुलाला गाण्याचे वेड. बापाने त्याला स्पिनेट नावाचे, पियानोच्या जातीचे एक लहान जुने वाद्य घेऊन दिले. ते मोडके होते. १८२१ मध्ये काव्हालेत्ती नावाच्या एका कारागिराने ते दुरुस्त केले आणि मुलाची शिकण्याची ओढ पाहून मजुरी घेतली नाही. तसे त्याने वाद्याच्या आतच लिहून ठेवले. पुढचे सगळे मोठेपण मला या मजुरी न घेणाऱ्या माणसापासून सुरू झाल्यासारखे वाटते.

नऊ-दहा वर्षांचा असतानाच व्हेर्दी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. शाळेसाठी त्याला बुसेतोला एका चांभाराच्या घरी ठेवले. रविवारी तो ऑर्गन वाजवायला चालत गावी यायचा आणि बूट झिजू नयेत म्हणून ते हातात घेऊन अनवाणी चालायचा, असे सांगतात. ज्यांनी एकच चप्पल दोन वर्षे पुरवली आहे त्यांना ही गोष्ट खरी आहे का, असा प्रश्न पडणार नाही.

बुसेतोला अंतोनियो बारेत्सी नावाचे व्यापारी होते. किराणा, मसाले, मद्य यांचा त्यांचा धंदा. व्हेर्दीच्या बापाच्या दुकानाचा माल त्यांच्याकडूनच येई. हा गृहस्थ स्वतः बासरी वाजवायचा आणि गावच्या हौशी वादक मंडळींच्या तालमी त्याच्याच घरी व्हायच्या. त्यांनी या मुलाला हेरले, घरी आणून ठेवले आणि १८३२ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयात पाठवायचे ठरवले. मिलान शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते, त्यामुळे पार्मा संस्थानच्या या मुलाला तिथे जायला पासपोर्ट काढावा लागला. एवढे करून विद्यालयाने प्रवेश नाकारला. प्रवेशाचे वय चौदापर्यंतचे, हा अठराचा. त्यात परमुलखातला. पियानोवर हात ठेवण्याची पद्धतही चुकीची पडलेली. ज्याला घरी शिकवायला कुणी नव्हते त्याच्या हाताला वळण चुकीचे लागणारच! (आज त्या विद्यालयाला व्हेर्दीचेच नाव आहे.) बुसेतोच्या धर्मादाय संस्थेने वर्षाला ३०० लीरांची शिष्यवृत्ती मंजूर केली होती, पण ती सुरू व्हायला वर्ष लागणार होते. ते वर्ष बारेत्सींनी स्वतःच्या पैशाने काढले. लाव्हीन्या या शिक्षकाकडे खाजगी शिकवणी लावून दिली.

आता माझे कारण सांगते. आमच्या गावात एक किराणा दुकानदार आहेत. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. बारावीनंतर माझे नाव कॉलेजात घालायला घरी पैसे नव्हते. वडील बाजारात हमाली करतात, आई मजुरीला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी याआधी कुणी चढलेले नाही. अण्णांनी पहिल्या वर्षाची फी दिली. त्यांच्या दुकानात लाल कापडाची उधारीची वही आहे. तिच्यात आमच्या नावावर तेल, साखर, चहापूड सगळे आहे. फी नाही. मी एकदा उलटी बसून वाचली म्हणून मला माहीत.

बारेत्सींची मुलगी मार्गेरिता हिच्याशी १८३६ मध्ये व्हेर्दीचे लग्न झाले. दोन मुले झाली. मुलगी १८३८ मध्ये गेली, मुलगा १८३९ मध्ये गेला, आणि १८४० च्या जूनमध्ये मार्गेरिताही गेली. म्हातारपणी व्हेर्दी हे तिन्ही मृत्यू दोन-तीन महिन्यांत घडल्यासारखे सांगत असे. नोंदी पाहिल्या तर पावणेदोन वर्षांहून जास्त काळ जातो. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्याच वर्षी त्याला एक विनोदी ऑपेरा पुरा करून द्यायचा होता. तो त्याने दिला आणि तो मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात साफ पडला. पुढे १८४२ च्या मार्चमध्ये त्याच ला स्कालात 'नाबुक्को' उभा राहिला आणि अठ्ठावीस वर्षांचा व्हेर्दी एका रात्रीत इटलीभर माहीत झाला. मग पाच वर्षे नुसती धावपळ. एका मागून एक ऑपेरा, या शहरातून त्या शहरात, दुखणे अंगावर काढून.

१८४६ मध्ये शरीराने संप पुकारला. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली. त्या विश्रांतीत त्याच्या मनात 'मॅकबेथ' शिरला.

इथे ऑपेराविषयी थोडे सांगायला हवे. आपल्या संगीत नाटकात पात्रे गद्य बोलतात आणि मध्ये पदे येतात. इटालियन ऑपेरात गद्य नसते. दार उघड म्हणायचे तरी सुरात. संहिता एक जण लिहितो, संगीत दुसरा देतो आणि मोठा वाद्यवृंद पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत असतो. त्या काळच्या ऑपेरात एक नायिका, तिच्या प्रेमात पडलेला उंच आवाजाचा नायक आणि दोघांच्या आड येणारा जाड आवाजाचा खलनायक, हा साचा ठरलेला. 'मॅकबेथ'मध्ये प्रेमकथा कुठे आहे? एक नवरा, एक बायको, चेटकिणी आणि एका राजाचा खून. फ्लॉरेन्सच्या पेर्गोला नाट्यगृहासाठी लानारी या ठेकेदाराने ऑपेरा मागितला, तेव्हा त्या हंगामाला उंच आवाजाचा हवा तसा गायक मिळत नव्हता. मध्यम, भारदस्त आवाजाचा व्हारेझी मिळत होता. व्हेर्दीने तेवढ्यावरून निर्णय घेतला आणि हेच नाटक धरले. साध्या अडचणीतून किती मोठी गोष्ट निघते पाहा!

व्हेर्दीने शेक्सपिअर इंग्रजीतून वाचलेला नव्हता, इटालियन भाषांतरातून वाचला होता. हे वाचून मला फार बरे वाटले. मूळ नाटकाचे इंग्रजी माझ्या डोक्यावरून जात होते, तेव्हा मी शिरवाडकरांचे 'राजमुकुट' आणून वाचले आणि मग मूळ पुस्तक उघडले. त्याच्याही आधी, गेल्याच्या गेल्या शतकात शिवराम महादेव परांजप्यांनी याच नाटकाचे 'मानाजीराव' केले होते. म्हणजे स्कॉटलंडचा हा राजा आपल्याकडे अनोळखी नाही.

व्हेर्दीने नाटकाचा आराखडा स्वतः गद्यात लिहून काढला आणि पद्यरचनेसाठी प्यावे या कवीला दिला. शब्द कमी, शब्द कमी असा त्याचा घोष. प्यावेचे काम पसंत पडेना तेव्हा त्याने माफेई या मित्राकडून काही भाग नव्याने लिहून घेतला आणि छापील संहितेवर प्यावेचे नावही आले नाही. हे मला आवडले नाही. चूक झाली तर बोलावे, पण नाव काढून टाकणे बरे नव्हे. पुढे प्यावे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला तेव्हा व्हेर्दीने त्याला आणि त्याच्या कुटुंबाला पैशाची मदत केली, हेही लिहायला पाहिजे.

तालमींची हकीगत वाचताना आमच्या गॅदरिंगच्या तालमी आठवून लाज वाटली. बँकोचे भूत कसे वर यावे यासाठी व्हेर्दीने लंडनहून माहिती मागवली. गोष्ट अकराव्या शतकातली आहे, तेव्हा रेशीम आणि मखमल चालणार नाही असे बजावले. व्हारेझीला त्याने कळवले की आधी शब्दांकडे लक्ष दे, सूर मागून येतील. खुनानंतर नवरा-बायको एकमेकांशी बोलतात तो प्रवेश जवळजवळ सगळा दबक्या आवाजात आहे. घरात पाहुणे झोपलेले आहेत, मोठ्याने गाऊन कसे चालेल? लेडी मॅकबेथचे काम करणाऱ्या बार्बिएरी-नीनी यांनी पुढे आठवणी सांगितल्या आहेत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे या एका प्रवेशाच्या दीडशे तालमी झाल्या. शेवटच्या रंगीत तालमीला प्रेक्षक येऊन बसलेले असताना व्हेर्दीने दोघांना कपड्यांवर झगे घालून बाहेरच्या दालनात बोलावले आणि आणखी एकदा म्हणायला लावले. व्हारेझी भडकला, पण म्हणावे लागले.

झोपेत चालण्याच्या प्रवेशासाठी बाईंनी तीन महिने अभ्यास केला. झोपेत बरळणारी माणसे ओठ जवळजवळ न हलवता बोलतात, चेहरा थिजलेला असतो, डोळे मिटलेले. तसे करून गायचे. १४ मार्च १८४७ च्या पहिल्या प्रयोगाला तो प्रवेश झाल्यावर व्हेर्दी त्यांच्या खोलीत आला. बोलण्यासाठी त्याचे हात हलत होते, ओठ हलत होते, पण शब्द फुटला नाही. आम्ही वर्गात ज्याला हसलो होतो तो हाच प्रवेश.

पुढच्या वर्षी नेपल्सला हा ऑपेरा व्हायचा होता. तिथली गायिका फार देखणी आणि तिचा आवाज फार गोड, हीच व्हेर्दीची तक्रार! त्याला लेडी मॅकबेथ कुरूप आणि आवाज घोगरा, घुसमटलेला हवा होता. आणखी एक गंमत म्हणजे या ऑपेरात लेडी मॅकबेथ पहिल्यांदा येते ती नवऱ्याचे पत्र वाचत, आणि ते पत्र ती गात नाही, साध्या बोलण्यात वाचते. सगळीकडे गाणे असताना ते कोरडे वाचन अंगावर येते.

पण माझ्या मनात जी जागा राहिली ती वेगळीच आहे. डंकन राजा. मॅकबेथला मानाची पदवी देणारा, वर आणणारा, त्याच्या घरी विश्वासाने मुक्कामाला येणारा. व्हेर्दीच्या ऑपेरात या राजाला एकही शब्द नाही. खेड्यातल्या मिरवणुकीसारखे साधे संगीत वाजते, राजा आपल्या माणसांसह येतो, रंगमंचावरून जातो, आणि पुन्हा दिसत नाही. ज्याने वर आणले त्यालाच मारले, आणि मारणाऱ्यांची गाणी मात्र आपण चार अंक ऐकतो.

आणि हा ऑपेरा, आपला दहावा ऑपेरा, व्हेर्दीने अर्पण केला तो बारेत्सींना. पहिल्या प्रयोगानंतर अकरा दिवसांनी, २५ मार्च १८४७ ला त्याने सासऱ्यांना पत्र लिहिले. तुम्ही मला बाप, आधार आणि मित्र होऊन राहिलात, एखादी कृती तुमच्या नावे करावी असे फार दिवस मनात होते, आणि माझ्या सगळ्या ऑपेरांत मला हा अधिक प्रिय आहे म्हणून हा देतो, असा त्या पत्राचा आशय आहे. मुलगी जाऊन सात वर्षे होत आली होती. नात्याचा धागा तसा तुटलेलाच. तरी दिला.

आमच्या गाइडमध्ये 'मॅकबेथ'वर ठरलेला प्रश्न आहे, अतिमहत्त्वाकांक्षेचे दुष्परिणाम सांगा. मी उत्तर पाठ केले, मार्कही मिळाले. पण आमच्या आळीत माझ्याबद्दल बोलतात तेही हेच बोलतात, हिला फार मोठे व्हायचे आहे म्हणून. मोठे व्हायची इच्छा धरणे हा गुन्हा असेल तर रोंकोलेच्या पोराने खानावळीतच पेले विसळत बसायला हवे होते. मॅकबेथ चुकला तो राजा व्हावेसे वाटले म्हणून की डंकनला मारले म्हणून, असे मी सरांना विचारले. सरांनी यावर निबंध लिही म्हणून सांगितले. तो मला जमला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

व्हेर्दीला देवमाणूस करायची माझी इच्छा नाही. 'नाबुक्को'च्या पहिल्या प्रयोगात गायलेली जूझेप्पीना स्त्रेप्पोनी ही पुढे त्याच्यासोबत राहू लागली. १८४९ मध्ये दोघे बुसेतोला आली. लग्न झालेले नव्हते. गावाने तोंड फिरवले, नाही नाही ते बोलले. बारेत्सींनीही नाराजीचे पत्र लिहिले. १८५२ मध्ये व्हेर्दीने उलट कळवले की माझ्या घरात काय चालते याचा हिशेब मी कुणाला देणार नाही. मात्र त्याच पत्रात बारेत्सींविषयीचा जिव्हाळाही आहे. लग्न त्यांनी १८५९ मध्ये केले, आणि बारेत्सींनी तिला मुलीसारखे मानले. इथवर मी व्हेर्दीच्या बाजूने आहे.

पण १८५१ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली. सांत आगाता इथे त्याने शेतजमीन आणि घर घेतले होते. आईवडील तिथे राहत होते. व्यवहारावरून बापाशी बिनसले आणि त्याने नोटरीमार्फत रीतसर वेगळेपण करून घेतले. त्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची, आणि त्यांनी दुसऱ्या गावी राहायचे. त्याच मार्चमध्ये व्हेनिसला 'रिगोलेत्तो' झाला. लोक वेडे झाले. त्याच जूनमध्ये आई वारली. तो फार रडला असे वाचले. रडला असेल.

गेल्या पावसाळ्यात माझी आई भाकरीचे गाठोडे घेऊन कॉलेजच्या फाटकाशी आली होती. चिखलाने लुगडे भरलेले. माझ्याबरोबर शहरातल्या दोन मैत्रिणी होत्या. ही कोण, असे त्यांनी विचारले. गावाकडची बाई आहे, असे मी सांगितले. आईने ऐकले की नाही ते मला कळले नाही. तिने गाठोडे दिले, एसटीची वेळ झाली म्हणाली आणि गेली. मी नोटरीकडे गेले नव्हते, एवढाच फरक.

पुढचे आयुष्य यशाचे आहे, ते थोडक्यात सांगते. 'ला त्राव्हियाता', 'आयदा', सत्तरी ओलांडल्यावर 'ओतेल्लो' आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर 'फाल्स्टाफ', हे दोन्ही पुन्हा शेक्सपिअरवरून. १८६१ मध्ये इटली एक झाल्यावर तो पहिल्या संसदेत निवडून गेला. पण स्वतःला तो रोंकोलेचा शेतकरीच म्हणवून घेई, आणि सांत आगाताची शेती त्याने खरोखर केली. 'मॅकबेथ' त्याने १८६५ मध्ये पॅरिससाठी पुन्हा हातात घेतला. लेडी मॅकबेथला नवे गाणे दिले, परागंदा स्कॉटिश लोकांचे समूहगीत नव्याने लिहिले, शेवट बदलला. पॅरिसला तो चालला नाही. याला शेक्सपिअर कळत नाही अशी टीका झाली आणि ती त्याच्या वर्मी लागली, कारण लहानपणापासून त्याने शेक्सपिअर हातावेगळा केला नव्हता. नंतर हा ऑपेरा बराच काळ अडगळीत गेला. विसाव्या शतकात जर्मनीत तो पुन्हा उभा राहिला, आणि १९५२ मध्ये ला स्कालाच्या हंगामाची सुरुवात त्याने झाली तेव्हा लेडी मॅकबेथ मारिया कॅलासने केली.

१८६७ च्या जानेवारीत व्हेर्दीचे वडील गेले आणि जुलैत बारेत्सी. बारेत्सींच्या अखेरच्या घटकेला व्हेर्दी आणि जूझेप्पीना जवळ होती. त्यांच्या खोलीत पियानो होता. म्हाताऱ्याची नजर तिकडे वळलेली पाहून व्हेर्दीने 'नाबुक्को'तले त्यांचे आवडते समूहगीत वाजवले, असे सांगतात.

म्हातारपणी त्याने मिलानमध्ये गरीब, निवृत्त गायक-वादकांसाठी घर बांधले. आपण जिवंत असेतो ते उघडू नये, लोकांनी आभार मानायला येऊ नये, अशी त्याची इच्छा होती. २७ जानेवारी १९०१ ला तो गेला. घर पुढच्या वर्षी उघडले. तो आणि जूझेप्पीना तिथेच पुरलेली आहेत. ते मोडके स्पिनेट ला स्कालाच्या संग्रहालयात आहे.

हा अंक निघाला की एक प्रत अण्णांना द्यायची आहे. ते वहीखेरीज काही वाचत नाहीत, पण ठेवतील. आईला अक्षर येत नाही, तिला सुट्टीत मीच वाचून दाखवणार आहे. १८५१ पर्यंत काही अडचण नाही. त्यापुढचे वाचायचे की पान उलटायचे, ते अजून ठरलेले नाही.